अर्धा वाफा तुमचा, अर्धा माझा

प्रिय आई,

आज सकाळी कॉम्फ्रीचं झाड पुन्हा वर आलं. कडुनिंबाखालची वाळू एका जागी जराशी फुगलेली दिसली, बोटाने बाजूला सारली तर आत घडी घातलेलं हिरवं पान. केसाळ, ओलसर. उन्हाळाभर तिथे काहीसुद्धा नव्हतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दरवर्षी ऊन उतरलं की असं होतं, आणि दरवर्षी मी पहिला फोन तुम्हाला करतो. "आई, आलं हो." मग तुम्ही तिकडे वाईत म्हणता, "आलं का? मला वाटलं यंदा मेलं असेल." पुढे आपलं जे सुरू होतं, ते केतकी येऊन फोन हिसकावून घेईपर्यंत. आजही हाताची माती पँटला पुसून मी फोन काढला, तुमचं नाव शोधलं, आणि मग लक्षात आलं. केतकी तुमचे दिवस करून नुकतीच परत आली आहे. आता हे सांगायचं कुणाला? म्हणून लिहितोय. जावई सासूला पत्रं लिहीत नसतात, मला ठाऊक आहे. पण तुमच्या-माझ्यात रीतीप्रमाणे तसंही फार थोडं झालं.

ईरा शाळेच्या बसची वाट बघत मागे उभी होती. "बाबा, इज दॅट आजीज् प्लँट?" मी म्हटलं, नाही गं, आजीची ती चार्डची भाजी, हे माझं. "सो व्हिच वन इज बेटर?" तुमचीच नात आहे. निकाल लागल्याशिवाय बसमध्ये चढायला तयार नव्हती.

तिला मी काय सांगणार? ते वर्ष तिला माहीत नाही, ती तेव्हा पोटात होती. दोन हजार आठ संपता संपता दुबईतल्या क्रेन थांबायला लागल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आमची कंपनीही थांबली. इमारतींच्या काचेच्या भिंती बनवायचो आम्ही. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात कारखाना होता, मी ड्रॉइंगवर होतो. मॅनेजर म्हणाला, व्हिसा ठेवतो, पगार देता येणार नाही, प्रोजेक्ट सुरू झालं की बोलावतो, इन्शाल्ला. त्याने ते इन्शाल्ला कसं म्हटलं त्यावरून मी काय ते समजलो. केतकीची शाळेतली नोकरी तेवढी टिकली. दुबईचा फ्लॅट सोडून आम्ही उम्म अल कुवैनला आलो, एका म्हाताऱ्या अरबाच्या बैठ्या घरात, कारण भाडं झेपणारं होतं. मागे अंगण होतं, एक कडुनिंब होता, विहिरीचं मचूळ पाणी होतं. बाकी सगळी वाळू.

शेजारच्या स्कॉटिश बाईंचे यजमानही तसेच रिकामे झाले होते. देश सोडताना त्यांनी मला कुंपणापाशी बोलावलं आणि एक कुंडी दिली, एक बियांचं पाकीट दिलं. कुंडीत कॉम्फ्री, पाकिटात स्विस चार्ड. पाकिटातलं खायचं, कुंडीतलं मुळीच खायचं नाही, असं पुन्हा पुन्हा बजावलं. कॉम्फ्री यकृताला वाईट, पोटुशीला तर अजिबात नको. तिची पानं कापायची, पाण्यात कुजवायची आणि ते पाणी दुसऱ्या झाडांना घालायचं. एवढ्यासाठीच ती लावायची.

मी ती कडुनिंबाच्या सावलीत लावली. मे महिन्यात पानं कडेने भाजली, जूनमध्ये आडवी झाली, जुलैत तिथे नुसती वाळू. खलास, म्हटलं. पण रिकामा माणूस, दुसरं काम काय? जिथे काही नाही तिथे पाणी घालत राहिलो. केतकी खिडकीतून बघायची. आणि सप्टेंबर सरताना एक दिवस ते घडी घातलेलं पान. मी तिथेच खाली बसलो, आई. वर पन्नास अंशांच्या जवळपास तापत होतं आणि हे खाली जिवंत होतं? कशावर?

त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही आलात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि केतकी माहेरी यायला तयार नव्हती, म्हणून माहेरच तिला न्यायला आलं. विमानात बसू देतात तोवर तुम्ही तिला घेऊन जाणार होता. दोघींची परतीची तिकिटं काढूनच आला होता. लपवलं मात्र काही नाहीत. विमानतळावरून घरी येतानाच म्हणालात, "महेशराव, राग मानू नका. तुमचं बस्तान बसलं की बाळ-बाळंतीण पोचवते."

राग नव्हता हो, भीती होती. आमच्या ऑफिसातले कितीतरी जण त्या वर्षी बायका-मुलांना "थोडे महिने" म्हणून गावी पाठवून शारजात एकेका खोलीत नुसता पलंग भाड्याने घेऊन राहत होते. ते थोडे महिने काही केल्या संपत नव्हते. एकाची मुलगी फोनवर त्याला काका म्हणाली, आणि तो ते हसत हसत सांगायचा. केतकी गेली की आमचं तेच होणार हे मला स्वच्छ दिसत होतं. पण बिनपगारी जावयाने सासूशी भांडायचं कोणत्या तोंडाने?

त्यात तुमचं ते व्रत. लेकीला मूल होईपर्यंत जावयाच्या घरचं अन्न घ्यायचं नाही. तुमच्या घराण्यात पाळतात, हे मी लग्नात ऐकलं होतं, पण त्यासाठी कुणी समुद्र ओलांडून तांदूळ आणेल असं वाटलं नव्हतं. तांदूळ, डाळ, मेतकूट, पीठ, लोणचं. मीठसुद्धा आणलंत. अहो, समुद्र आमच्या घरामागे होता. पाणी तेवढं चालायचं, कारण पाणी देवाचं. आमचा स्वयंपाक तुम्ही आमच्या सामानातून करायचात, तोही चवीचा, आणि मग आपलं एवढंसं पातेलं घेऊन वेगळ्या बसायचात. मला ते रोज लागायचं.

भाजीचा प्रश्न तुम्हीच सोडवलात. फडताळात ते पाकीट सापडलं. "हे कुणाचं?" मडमेने दिलंय. "म्हणजे तुमचं नव्हे." झालं, दुसऱ्या दिवशी अंगणात उन्हाच्या जागी तुमचा वाफा. वाईच्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर शिवण शिकवलंत, त्यामुळे बियांच्या ओळी टीप मारल्यासारख्या सरळ. मला कुदळ मारू दिलीत, त्यापुढे हात लावू दिला नाहीत.

बी बघूनच तुम्ही निकाल दिला होता की हे बीट आहे. मी म्हटलं, आई, बीटच्याच कुळातलं आहे, पण याला खाली गड्डा धरत नाही, पानं आणि देठ खायचे. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी कुदळ घेऊन वाफ्याकडे वळलो. रोप चार पानांवर आल्यावर तुम्ही एक उपटून बघितलंत. खाली शेपटीएवढं मूळ. "फसवलं मडमेने," म्हणालात. मग देठ दातांखाली धरलात आणि थांबलात. "खारट आहे हे." मी सांगितलं की याचं मूळ जंगली झाड समुद्राकाठचं, म्हणून आपलं मचूळ पाणी त्याला चालतं, पालक बिचारा याच पाण्यावर पिवळा पडून गेला. "म्हणजे याला इथे परकं वाटत नसेल," एवढंच बोललात आणि उपटलेलं परत लावून टाकलंत. ते जगलंही.

कॉम्फ्रीशी मात्र तुमचं उभं वैर. नाव घ्यायचंच नाहीत, "ते तुमचं केसाळ". येता-जाता एकच प्रश्न, "खायचं नाही तर लावलंत कशाला?" तुम्ही झाडाबद्दलच बोलत होता, हे मला कळत होतं. तरी झोंबायचं. त्या घरात आणखी एक जण होता ज्याच्यामुळे कुणाच्या ताटात काही पडत नव्हतं.

मग ते डोहाळजेवण. केतकीच्या शाळेतल्या बाया येणार, शारजातून दोन मराठी कुटुंबं येणार, आणि तुमच्या मते अळूवडीशिवाय डोहाळजेवण म्हणजे नुसतं जेवण. अळू त्या दिवशी आमच्या गावात कुठेच मिळालं नाही. मी मालकांकडून खुर्च्या आणायला गेलो होतो. परत आलो तर कडुनिंबाखाली कॉम्फ्रीचे नुसते बुडखे. स्वयंपाकघरात वाफेचा वास, आणि चाळणीत बेसन लावून गुंडाळलेले उंडे. छान झाले होते, खोटं कशाला बोलू. त्या पानांना वडीचा आकार फार सुरेख येतो.

मी गॅस बंद केला आणि सगळे उंडे कचऱ्याच्या डब्यात ओतले. पाहुण्यांच्या देखत, हिरवी साडी नेसलेल्या केतकीच्या देखत.

"अन्न आहे ते, महेशराव," तुम्ही म्हणालात.

"विष आहे. तुम्हाला सांगितलं होतं मी."

"पाला खाऊन कोण मेलंय आजवर? एवढी अळवासारखी पानं, आणि म्हणे विष."

"आई, तिच्या पोटात बाळ आहे. बाकी सगळं तुमचं ऐकेन, हे नाही."

कुणीतरी ओटीचं ताट पुढे केलं म्हणून वेळ निभावली. सगळे गेल्यावर तुम्ही केतकीला म्हणालात, तिकीट अलीकडचं करून घे, मला इथे राहायचं नाही. मी ऐकलं. आजही ती वेळ आली तर तो डबा मी तसाच भरेन, त्याबद्दल माझं मन एवढंसुद्धा खात नाही. पण ती दुपार मी अंगणात कशी काढली ते माझं मला माहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही बोलणार नाही असंच मी धरून चाललो होतो. बाहेर आलो तर तुम्ही पाटावर बसलेल्या, बुडख्यांसमोर. "बसा," म्हणालात. "काल तुम्ही ओरडलात, ते लेकरासाठी ओरडलात, म्हणून सोडलं. आता नीट सांगा. हे आहे तरी कशासाठी?"

शिवणाच्या बाईंपुढे मी पहिल्यांदाच विद्यार्थी होऊन बसलो. सांगितलं की चार्डचं मूळ वीतभर, वरवरचं, जे हाताशी आहे तेवढंच त्याला मिळतं. कॉम्फ्रीचं मूळ सुरीसारखं सरळ खाली जातं, मी एकदा उकरत गेलो तर कोपरापर्यंत हात आत गेला तरी टोक लागेना. खोलातलं जे काही असेल ते ती पानांत आणून ठेवते, असं म्हणतात. पानं कापली की पुन्हा देते, पुन्हा कापली की पुन्हा. चार्ड एका हिवाळ्याचा, ऊन चढलं की तुऱ्यावर येतो आणि संपतो. कॉम्फ्रीला मारायचं म्हटलं तरी मरत नाही, मुळाचा तुकडा राहिला की नवं झाड. मग गॅरेजमागची बादली दाखवली. झाकण उघडलं मात्र, तुम्ही पदर नाकाला लावलात.

"हे तुम्ही झाडाला घालणार? हे तर वैऱ्याच्या दारात टाकायचं."

"घालून बघू या?"

"माझ्या वाफ्यात?"

मग डब्यातून शिवणाची जाड दोरी आणून वाफ्याच्या मधोमध बांधलीत. अर्धा वाफा तुमचा, अर्धा माझा. तुमच्या बाजूला नुसतं विहिरीचं पाणी, माझ्या बाजूला त्याच पाण्यात बादलीतलं ते. आणि तिकीट पहिल्याच तारखेचं राहू दे, असं केतकीला जाता जाता सांगितलंत.

पुढे जे झालं ते मी इतक्या वर्षांत दर हिवाळ्यात बघतो, तरी डोळ्यांवर विश्वास बसत नाही. तुमची बाजू वाईट नव्हती, खाण्यापुरती येत होती. पण माझी बाजू, आई! पानं सुपाएवढी, सुरकुत्यांत पाणी धरून ठेवणारी, आणि देठ लाल, पिवळे, गुलाबी, सकाळचं ऊन आरपार जाऊन वाळूवर रंग पडायचा. त्या वाळूत! मालक भाडं घ्यायला आले ते भाडं विसरून "माशाल्ला, माशाल्ला" करत उभे. आणि कडुनिंबाखाली त्या बुडख्यांतून पुन्हा पानं आलेली, पुन्हा कापायला तयार. तुम्ही रोज पहाटे जायचात आणि माझ्या बाजूचं पान अंगठा-बोटात धरून बघायचात, कापडाचा पोत बघतात तसं. पण कापायचात आपल्याच बाजूचं. जावयाच्या खतावरचं ते जावयाचं, दोरीच्या पलीकडचं.

बघता बघता निघायचा दिवस जवळ आला. बॅगा भरून हॉलमध्ये ठेवल्या होत्या, केतकीचा चेहरा सुजलेला. मी त्या दिवशी जुन्या कारखान्याच्याच भागात, इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, एका इंटरव्ह्यूला गेलो होतो. त्यांनी चहा दिला आणि नंतर बघू म्हणाले. येताना शारजाच्या जाममध्ये अडकलो आणि दुपार टळल्यावर घरात शिरलो. काय झालं ते माझ्या तोंडावरच लिहिलेलं असेल.

टेबलावर पातळ भाजी होती, डाळ-दाणे घालून, आणि देठांची वेगळी परतून केलेली. आणि तुम्ही आमच्या टेबलावर बसला होतात. आमच्या ताटात, आमच्याच भांड्यातला भात वाढून घेतला होता.

"आई, ती ह्याच्या बाजूची भाजी आहे," केतकी हळूच म्हणाली.

"माहिती आहे. मीच कापली."

तुम्ही भात कालवला आणि घास घेतलात. मी दारातच, बूटसुद्धा काढले नव्हते. "मीठ कमी घालावं लागतं हिला," म्हणालात. "महेशराव, हात धुऊन या. आणि इथे डिंक कुठे मिळतो? लाडवांना लागेल."

मला कळायला वेळ लागला. केतकीला आधी कळलं, ती उठून आत गेली.

"शारजात मिळेल," मी म्हटलं.

"मग जेवा आणि चला. यल्ला." तो शब्द तुम्ही केव्हा उचलला होतात कोण जाणे.

नोकरी मला त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी लागली. म्हणजे त्या दुपारी तुमच्यापाशी भरवसा ठेवण्यासारखं काहीही नव्हतं, एक वाटी भाजी सोडून. ईरा इथेच झाली, मी दाराबाहेर उभा होतो, तुम्ही तिला माझ्या हातात दिलीत. शारजातल्या त्या पलंगांवरच्या माणसांची आठवण आली की आजही अंगावर काटा येतो. थोडक्यात वाचलो.

का थांबलात, हे तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. ते कळलं पुढे, ईरा शाळेत जायला लागल्यावर, तुम्ही पुन्हा हिवाळ्याला आलात तेव्हा. चार्डचे देठ सोलत होतात. सहज बोलावं तसं म्हणालात की तुमचे वडील वाईला तुम्हाला भेटायला यायचे, पायरीवर बसायचे, तांब्याभर पाणी प्यायचे आणि संध्याकाळच्या एसटीने उपाशी परत जायचे. केतकी तुम्हाला लग्नानंतर फार उशिरा झाली. तोवर ते गेले होते. "माझ्या हातचं त्यांनी शेवटचं खाल्लं ते लग्नाच्या आदल्या दिवशी," म्हणालात. "तुमचं ते डोहाळजेवणातलं ओरडणं, मग ती भाजी. मला वाटलं, बास आता." आणि पुढचा देठ घेतलात.

आयुष्यभर धरून ठेवलेली गोष्ट, जिच्यापायी बाप दारातून उपाशी जाताना बघितला, ती अशी भाताबरोबर सोडून द्यायची? सोडताना आवाजसुद्धा नाही? मला अजून त्याचं नवल वाटतं. कॉम्फ्रीचं वाटतं त्याहून जास्त. आणि एक तक्रार आहे, ती आज करतो. ज्या बाईने माझ्या घरचा घास एवढ्या मोकळेपणी घेतला, तिने आपलं दुखणं आमच्यापासून का लपवलं? आम्ही आलो नसतो का?

असो. ईराला मी संध्याकाळी उत्तर देणार आहे. गॅलरीत एकच कुंडी असेल तर चार्ड, प्रश्नच नाही. पेरला की जेवणात येतो, मचूळ पाण्याला नावं ठेवत नाही, आणि दिसतोही देखणा. पण जमीन असेल, आणि तिथे बरीच वर्षं राहायचं मनात असेल, तर सावलीत कॉम्फ्री. मात्र आधी विचार करून, कारण ती नंतर काढता येत नाही, आणि घरात नवीन माणूस आलं की पहिल्याच दिवशी सांगायचं, हे खायचं नाही. ती म्हणेल, "दॅट्स नॉट ॲन आन्सर, बाबा." तुम्ही असता तर तिच्याच बाजूने बोलला असता.

आई, एक वचन देऊन थांबतो. ईरा आता नववीत आहे. कधीतरी ती आपलं घर मांडेल, इथे, पुण्यात, कॅनडात, कुठेही. मूल होईल, न होईल, ते तिचं ती बघेल. मी पहिल्याच दिवशी तिच्याकडे जेवायला जाणार. तिने काय केलंय ते न बघता ताटावर बसणार आणि दुसऱ्यांदा मागून घेणार. एकदा माझ्या वाटचं, आणि एकदा तुमच्या वडिलांच्या.

तुमचा जावई,
महेश